पागोळीपावेतो

"बघा, समुद्र," असे म्हणून बाळाजीपंतांनी पश्चिमेकडची खिडकी उघडली.

खिडकीतून खरोखरच समुद्र दिसत होता. दोन माडांच्या मधून, वीतभर. वैशाखातली दुपार कलत होती. वारा आत आला तसे आम्हा सगळ्यांनाच बरे वाटले. बाळाजीपंत घर विकणारे होते, यमुनाबाई घेणाऱ्या होत्या आणि मी घर तपासायला आलेला ओव्हरसियर होतो. माझी पत्नी सोबत होती, कारण विधवा बाईने एकटीने परपुरुषाबरोबर घरे बघत फिरावे हे रत्नागिरीच्या झाडगावात कुणाला रुचले नसते.

"या बिऱ्हाडाला मी बाकीच्या तिन्हींपेक्षा भाडं जास्त ठेवलंय," बाळाजीपंत म्हणाले. "हवेचं भाडं म्हणा."

"हवा वर्षातून किती महिने खायची, बाळाजीपंत?"

"तुम्ही पब्लिक वर्क्सवाले. हवा एस्टिमेटमध्ये बसत नाही, म्हणून तुमच्या लेखी तिला किंमत नाही."

मी खिशातला चाकू काढला आणि खिडकीच्या चौकटीच्या खालच्या लाकडात टोचला. पाते अर्धा इंच आत गेले. बाळाजीपंत समुद्राकडे बघत होते.

ओव्हरसियरचे काम थोडक्यात सांगायचे तर असे. इंजिनियर कागदावर बांधतो, मिस्त्री जमिनीवर बांधतो, आणि दोघांच्या चुका मधे उभ्या असलेल्या ओव्हरसियरच्या माथी येतात. तीस वर्षे मी हे केले. पेन्शनीत निघाल्यावर रत्नागिरीतले लोक घर विकत घेण्याआधी मला ते दाखवू लागले. फी बेताची असे. मी घर बघून एका पानाचा रिपोर्ट देत असे. त्यात शेवटी "घ्यावे" किंवा "घेऊ नये" एवढे लिहावेच लागे, कारण लोक वरचे सगळे वाचत नाहीत.

ही हकीगत लिहून ठेवा, असे माझी पत्नी पुष्कळदा म्हणाली होती. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी अर्धे पान लिहितो. त्याहून जास्त होत नाही. या कामात तिचा वाटा माझ्याइतकाच होता, आणि रिपोर्टवर सही मात्र माझी एकट्याची आहे. म्हणून तिचे म्हणणे आता पाळतो आहे.

यमुनाबाई तिची पावस गावची बालमैत्रीण. यजमान मुंबईला एका पेढीत कारकून होते. ते अचानक वारले आणि पेढीने त्यांचा प्रॉव्हिडंट फंड यमुनाबाईंच्या हाती दिला. मागे काय ते तेवढेच. मुलगी कुसुम इंग्रजी चौथीत होती आणि हुशार होती. पावसला दीर होते. त्यांचे म्हणणे, हा पैसा हापूसच्या कलमांत घालावा आणि मायलेकींनी घरी येऊन राहावे. सल्ला तसा वाईट नव्हता. फक्त कलमे दिरांच्या जमिनीत लागणार होती, आणि कुसुमची शाळा सुटणार होती.

यमुनाबाईंचा विचार वेगळा होता. रत्नागिरीत चार बिऱ्हाडांचे घर घ्यायचे. एकात आपण राहायचे, तीन भाड्याने द्यायची. दोन बिऱ्हाडांच्या भाड्यात घर चालेल, तिसऱ्याच्या भाड्यात मुलगी मॅट्रिक होईल. तिसरे भाडे आले नाही, तर शाळा नाही.

मला हा विचार पसंत होता. आंबा वर्षातून एकदा पैसे देतो, तेही मोहोर टिकला तर. भाडे महिन्याच्या महिन्याला येते. पण ते घरातून येत नाही, भाडेकरूकडून येते, हे घर घेणारे लोक विसरतात. ते कौले बघतात, खांब बघतात, अंगण बघतात. भाडेकरू इथे दुसरे वर्ष काढील का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्या गावात भाडेकरू तीन प्रकारचे. कोर्टकचेरीतले क्लार्क, शाळामास्तर, आणि मुलांना हायस्कुलात घालण्यासाठी खेड्यातून येऊन राहिलेल्या आया. या आया ज्येष्ठात येतात आणि परीक्षा झाली की चैत्रात जातात, म्हणजे त्यांचे वर्ष दहा महिन्यांचे. क्लार्क आणि मास्तर बाराही महिने राहतात, पण पावसाळा सुखाने गेला तरच.

घर तपासताना मी खोल्या मोजत नाही, चुली मोजतो. ज्याला स्वतःची चूल आणि स्वतःची मोरी आहे ते एक बिऱ्हाड. बाकी सगळ्या नुसत्या खोल्या. या घरात चुली खरोखरच चार होत्या आणि मोऱ्याही चार. विहिरीला वैशाखातसुद्धा पुरुषभर पाणी होते. पायाचे चिरे जागचे हलले नव्हते. कौले मंगलोरी, तांबडी, तीन वर्षांपूर्वी सगळ्या घरावर एकदमच घातलेली. बाळाजीपंतांना त्यांचा फार अभिमान होता. मुंबईतले बंगले पाहून आल्यावर त्यांनी जुनी नळ्यांची कौले उतरवून ही बसवली होती.

चौथ्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरातून माझ्या पत्नीची हाक आली.

"अहो, जरा इकडे या. वर बघा."

मी वर पाहिले. "कौलं आहेत."

"तांबडी आहेत. बाकीच्या तिन्ही घरांत चुलीवरची कौलं काळीकुट्ट झालीत."

मी आढे पाहिले होते, वासे पाहिले होते, कौलांचे सांधे पाहिले होते. रंग पाहिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी एकदमच घातलेली कौले. तीन चुलींवर धुराने काळी आणि चौथ्या चुलीवर जवळजवळ नवी. म्हणजे इथे फारसा स्वयंपाक झालाच नव्हता.

बाळाजीपंत मागे येऊन उभे होते. "इथले भाडेकरू कोर्टातले क्लार्क," ते म्हणाले. "सडे. खानावळीत जेवायचे."

"किती झाले आतापर्यंत?" माझ्या पत्नीने विचारले.

"तीन."

"तिघेही सडे?"

"तिघेही. बदली झाली की जायचे. बदल्या सरकार करतं, वहिनी, मी नाही करत."

"आणि बदल्या पावसाळ्यातच होतात?"

"पावसाळ्यात गेले असं मी कुठं म्हटलं?"

"नाही म्हटलंत," असे म्हणून ती पदर सावरून बाहेर आली.

निघताना बाळाजीपंतांनी यमुनाबाईंना बजावले. मुंबईचे एक गिऱ्हाईक शनिवारच्या बोटीने येत होते. त्यानंतर पावसाळ्यासाठी बोटी बंद, पुन्हा खेप घालता येणार नाही, म्हणजे ते घर घेऊनच परतणार. तेव्हा इसार, म्हणजे सौदा पक्का केल्याची रक्कम, काय ती शुक्रवारच्या आत. तो दिवस मंगळवार होता.

"आषाढापर्यंत थांबलात तर?" मी विचारले. "एक पाऊस बघून ठरवू."

"आषाढात घर बघायला तुम्ही छत्री घेऊन या, ओव्हरसियरसाहेब. मालक दुसरा असेल."

बुधवारी माझी पत्नी देवळात गेली ती उशिरा परतली. तिने चौथ्या बिऱ्हाडात राहून गेलेले एक कुटुंब शोधून काढले होते. सडे नव्हते आणि क्लार्कही नव्हते. शाळामास्तर होते, बायको होती, दोन मुले होती.

"मास्तरीणबाई म्हणाली, ज्येष्ठात हवा आणि आषाढात पाणी. पश्चिमेची भिंत आतल्या बाजूनं पाझरायची. गाद्या गुंडाळून चुलीपाशी ठेवायच्या, आणि मग चूल पेटवायला जागा नाही. मुलांच्या वह्यांना बुरशी आली. श्रावणात बिऱ्हाड हलवलं."

भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचे तर आजच्या भाडेकरूला काही विचारू नये. त्याला त्याच मालकाच्या शेजारी राहायचे असते. सोडून गेलेल्याला विचारावे, आणि शक्य तर त्याच्या बायकोला.

आता भिंतीविषयी. आमच्याकडची घरे जांभ्या चिऱ्याची. जांभा दगड भक्कम खरा, पण सच्छिद्र. त्यात कोकणात पाऊस डोक्यावर पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो आणि वाऱ्याच्या जोराने पाणी दगडात शिरते. बाहेरून चुन्याचा गिलावा केला तरी तो खाऱ्या हवेत दोनतीन पावसाळ्यांत सुटतो. यावर उपाय एकच, पडवी. भिंतीला लागून पाचसहा फूट रुंदीचे उतरते छप्पर आणि त्याखाली मोकळी ओसरी. पाऊस पडवीवर आपटतो, भिंत कोरडी राहते. या घराला पूर्वेला पडवी होती, उत्तरेला होती. पश्चिमेला, जिथे ती सर्वांत जास्त हवी, तिथे नुसती उघडी भिंत आणि समुद्राची खिडकी.

नवी पडवी घालता येईल का? ते जागेवर अवलंबून. मी जुन्या खरेदीखताची नक्कल मागवली होती. त्यात चतुःसीमा लिहिल्या होत्या, म्हणजे चारी बाजूंना आपली जागा कुठपर्यंत ते. पश्चिमेसमोर लिहिले होते: "पागोळीपावेतो घराची जागा. पुढे शेजाऱ्याचे आगर."

पावसाचे पाणी छपराच्या कडेवरून धारांनी पडते, त्या पागोळ्या. त्या जिथे जमिनीवर पडतात तिथपर्यंत जागा घरवाल्याची, अशी जुनी वहिवाट आहे. मंगळवारी मी छपराच्या कडेवरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडून ते अंतर मोजलेच होते. भिंतीपासून दीड फूट. दीड फुटात पडवी होत नाही. पुढे माडांचे आगर, आणि ते शेजारी सखारामचे.

बुधवारी संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. घर चांगले आहे, पाणी चांगले आहे, तीन बिऱ्हाडे चांगली आहेत, चौथे पावसाळ्यात राहण्याजोगे नाही आणि तसे करताही येणार नाही. घेऊ नये.

गुरुवारी सकाळी यमुनाबाईंनी तो आमच्या ओटीवर बसून वाचला. त्या वरपासून खालपर्यंत सगळा वाचणाऱ्यांपैकी होत्या.

"म्हणजे दिरांना न्यायला या म्हणून कळवू, भावोजी?"

माझे काम घराबद्दल सांगण्याचे. त्यापुढचे मला सांगता येण्याजोगे नव्हते. माझी पत्नी आतून चहा घेऊन आली.

यमुनाबाईंनी रिपोर्ट घडी करून ठेवला आणि खरेदीखताची नक्कल उचलली. तीही वरपासून वाचू लागल्या. बराच वेळ गेला.

"हे खत कधीचं?"

"बाळाजीपंतांच्या वडिलांच्या वेळचं. त्यांनी घर घेतलं तेव्हाचं."

"आणि कौलं?"

"तीन वर्षांपूर्वीची."

"मग यात लिहिलेल्या पागोळ्या कुठल्या कौलांच्या?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पावसच्या आमच्या घराला नळ्याची कौलं आहेत," यमुनाबाई म्हणाल्या. "पागोळ्या कितीतरी लांब पडतात. मला वाटलं, विचारावं."

तीस वर्षांत मी किती छपरांवरून ओळंबा सोडला असेल याची गणती नाही. आणि आजच्या छपरावरून ओळंबा सोडून मी जुन्या छपराच्या वेळच्या कागदाचा अर्थ लावला होता. बाळाजीपंतांनी छप्पर बदलले होते, म्हणजे पागोळीही बदलली होती. कागद बदलला नव्हता.

"टोपी घाला," माझी पत्नी म्हणाली.

बाळाजीपंत दुकानावर गेले होते. आम्ही तिघे आगराच्या बाजूने घरामागे गेलो. सखाराम माडाखाली बसून सुंभ वळत होता. साठीच्या पुढचा, पण अजून माडावर चढणारा माणूस.

"सखाराम, खराटा आहे का?"

"हाय की. काय हरवलंय, साहेब?"

"पागोळी."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि खराटा आणून दिला. उन्हाने डोके फिरलेल्या माणसाला हत्यार देताना माणूस जसा दोन पावले मागे उभा राहतो, तसा तो उभा राहिला.

तिथली जमीन म्हणजे खाली उघडा कातळ आणि वर पाल्याचा थर. भिंतीपासून मी झाडत निघालो. दीड फुटावर काही नाही. नव्या पागोळ्यांना तीनच पावसाळे झाले होते. तीन फुटांवर काही नाही. चार फुटांवर काही नाही. साडेसहा फुटांवर खराट्याच्या काड्या दगडात अडकल्या.

मी गुडघ्यावर बसलो. कातळात खळगा होता, सुपारी मावेल एवढा, कडा गुळगुळीत झालेल्या. वीतभर अंतरावर दुसरा. पुढे तिसरा. तिघेजण हाताने पाला सारू लागलो. भिंतीला समांतर, एका सरळ रेषेत, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खळगे. वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या पाण्याने दगडात आपली हद्द कोरून ठेवली होती.

पण मला रेषा दिसली म्हणून समोरच्याला ती पटेलच असे नाही. उतरवलेली जुनी नळ्यांची कौले बाळाजीपंतांनी कोपऱ्यात रचून ठेवली होती. मी त्यातली दहाबारा आणली आणि छपरावर लावतात तशी रेषेच्या आतल्या बाजूला एकाशेजारी एक मांडली. एकेका नळीचे तोंड एकेका खळग्यासमोर आले. मंगलोरी कौलांचे माप निराळे. त्यांचे पाणी असे पडत नाही. हे खळगे याच कौलांचे होते.

सखाराम जवळ आला होता. "हतं पडवी व्हती," तो म्हणाला. "माझा कोयता तिच्या वाशाला टांगलेला असायचा. ह्यांनी उपटली. म्हणाले, मुंबईत बंगल्याला पडवी नसते. मी म्हटलं, मुंबईत आगर तरी कुठं असतं?"

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंत कधी?"

खळग्यांच्या आत, जिथे पडवी यायची तिथेच, एक केळ उभी होती. नुकताच घड बाहेर पडलेली.

"ही केळ कुणाची?"

"माझी."

"आणि जागा?"

"जागा त्यांची. केळ माझी."

"असं कागदावर लिहून द्याल?" यमुनाबाईंनी विचारले.

"दीन की, बाय. खरं हाय ते लिवून द्यायला काय? पण घड उतरंपातूर केळीला हात लावायचा नाय."

"घड कधी उतरेल?" मी विचारले.

"श्रावणात."

"आणि पाऊस?"

"तो काय केळीला इचारून येतो? तुम्ही सायब लोक, तुमचं तुम्ही बघा."

त्याच दुपारी मी ओळखीच्या वकिलांना गाठून खात्री करून घेतली. छप्पर तीन वर्षे आखूड राहिले म्हणून जागेवरचा हक्क जात नाही, शेजारी कबूल असेल तर प्रश्नच नाही, असे त्यांनी सांगितले. मग मी पडवीचे एस्टिमेट केले. खांब आणि वासे किंजळीच्या लाकडाचे, खांबांखाली दगडी तळखडे, वर तीच जुनी कौले. पहिल्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर काट मारली आणि लिहिले: "पडवीचा खर्च किमतीतून वजा होत असल्यास घ्यावे."

शुक्रवारी बाळाजीपंतांच्या ओटीवर बसलो. त्यांनी एस्टिमेट वाचले आणि परत दिले.

"पडवी घातलीत की समुद्र गेला."

"भाडेकरू समुद्र बघायला येत नाहीत," यमुनाबाई म्हणाल्या. "राहायला येतात."

"तुम्हाला नको असेल तर राहू द्या. उद्याच्या बोटीनं माझं गिऱ्हाईक येतंय."

"येऊ द्या. मास्तरीणबाई त्यांनाही भेटतील."

"कोण मास्तरीणबाई?"

"तुमच्या चौथ्या बिऱ्हाडात होत्या त्या," माझी पत्नी म्हणाली. "तुम्ही म्हणालात सडे क्लार्क होते."

"मास्तर म्हणजे क्लार्कच, वहिनी. फळा असलेला." पण हे म्हणताना त्यांचे त्यांनाच हसू आले.

बाळाजीपंत लबाड नव्हते, हे मला इथे लिहायचे आहे. त्यांना ते घर मनापासून आवडत होते.

"पहिल्याच आषाढात माझ्या लक्षात आलं होतं," ते शेवटी म्हणाले. "पण तोवर सगळ्या गावाला घर दाखवून झालं होतं. बंगला म्हणून. वास्तुशांतीसारखं जेवण घातलं होतं. पुन्हा पडवी घालायची म्हणजे आळीतल्या प्रत्येकानं येऊन विचारायचं, काय झालं बंगल्याचं? म्हटलं, जाऊ दे. विकून टाकू."

मग सौद्याचे बोलणे झाले. पडवीचा खर्च किमतीतून वजा झाला, आणि जुनी कौले त्यांनी आपणहून फुकट दिली. माझी अट एकच होती. नव्या खरेदीखतात "पागोळीपावेतो" हा शब्द ठेवायचा नाही. भिंतीपासून साडेसहा फूट, असे आकड्यात आणि अक्षरात लिहायचे, आणि खाली सखारामचा अंगठा घ्यायचा. शब्द चांगला आहे, पण तो छपराबरोबर सरकतो.

संध्याकाळी इसार दिला. मुंबईचे गिऱ्हाईक शनिवारच्या बोटीने आले की नाही, ते मला कळले नाही. ते होते की नाही, हेही कळले नाही.

बाळाजीपंतांनी खरेदीखताची वाट न बघता पडवीला परवानगी दिली, आणि ती मृगाच्या आधी तीन दिवस पुरी झाली. केळीचा प्रश्न मिस्त्रीने सोडवला. एक खांब दीड फूट बाजूला घेतला आणि केळीच्या डोक्यावरची पाचसात कौले घातलीच नाहीत. सखाराम रोज येऊन केळीभोवती हात फिरवून बघत असे आणि मिस्त्रीला सांगत असे, "तुमचं काम ब्येस हाय, पण तिला गुदमरवू नका." मिस्त्रीने आयुष्यात एवढी देखरेख सहन केली नव्हती, माझीसुद्धा.

यमुनाबाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती मी सांगितलेली नव्हती. पहिल्या पावसाळ्यात चौथे बिऱ्हाड भाड्याने न देता त्या स्वतःच कुसुमला घेऊन तिथे राहिल्या आणि आधी ठरवलेले आपले बिऱ्हाड त्यांनी एका क्लार्कच्या कुटुंबाला दिले.

"ओल आली तर आम्हाला येऊ दे," त्या म्हणाल्या. "भाडेकरू एकदा भिजला की गावभर सांगतो."

आषाढात सलग चार दिवस वादळी पाऊस लागला. पाचव्या दिवशी थोडी उघडीप मिळाली तसे आम्ही दोघे गेलो. यमुनाबाईंनी पश्चिमेच्या भिंतीला लागून फळी ठोकली होती आणि तिच्यावर कुसुमची शाळेची सगळी पुस्तके भिंतीला टेकवून उभी केली होती.

"हे कशाला?" मी विचारले.

"भिंत काय करतेय ते पुस्तकांना आधी कळेल."

मी एक पुस्तक काढून त्याचा मागचा पुठ्ठा चाचपला. माझ्या पत्नीने दुसरे काढले. मग मी भिंतीवर तळवा ठेवला. चिरा गार होता, पण कोरडा होता. खिडकीतून आता पडवीचे वासे दिसत होते आणि एका कोपऱ्यात केळीचा घड. समुद्र दिसत नव्हता. ऐकू येत होता.

कुसुम जमिनीवर बसून गणित करत होती. तिने वर बघितले नाही. एवढी माणसे येऊन तिची पुस्तके का चाचपत आहेत, हे तिने विचारलेही नाही.

दिवाळीनंतर चौथे बिऱ्हाडही भाड्याने गेले आणि यमुनाबाई मागच्या दोन जादा खोल्यांत गेल्या. तिथे चूल नव्हती. त्यांनी घालून घेतली. म्हणजे घरात चुली पाच झाल्या आणि भाडी तीनऐवजी चार. चौथ्या बिऱ्हाडाचे भाडे बाकीच्यांइतकेच ठेवा, हवेचे घेऊ नका, असे मी सांगितले होते. ते त्यांनी ऐकले. ते कुटुंब आठ वर्षे राहिले. दीर एकदा येऊन घर बघून गेले, पोटभर जेवले, आणि कलमे बरी पडली असती म्हणाले. कुसुम मॅट्रिक झाली, पुढे ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाली. आता तिला स्वतःचा फळा आहे.

काही वर्षांनी यमुनाबाईंकडे थोडी शिल्लक जमली. त्याच आळीत आणखी एक घर विक्रीला निघाले होते. मी वाट बघत होतो की रिपोर्टसाठी बोलावणे येईल. आले नाही. एक दिवस यमुनाबाईच आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बघून आले. नको म्हटलं."

"का? भिंत पाझरते?"

"ते कळलंच नाही. सगळीकडे नवीन फरशी घातलीय. अंगणात, घरामागे, थेट कुंपणापर्यंत. खाली काय आहे ते दिसत नाही. मालक म्हणतो, किती स्वच्छ केलंय बघा."

"नवीन फरशी म्हणजे घर वाईट असं होत नाही," मी म्हणालो.

"नाही होत. पण चांगलं आहे असंही होत नाही ना, भावोजी?"

माझी फी बुडाली. पण एका पानाचा रिपोर्ट मी याहून बरा लिहिला नसता.